गंधकाचा माग : एका संशोधनकथनाची चिकित्सा

१

शास्त्रज्ञाच्या ग्रंथाची समीक्षा म्हणजे त्यातील निष्कर्षांची तपासणी, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. ही तपासणी त्या त्या शास्त्रातील जाणकारांनी करावयाची असते आणि बहुधा ती ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीच झालेली असते. परंतु एखादा शास्त्रज्ञ जेव्हा सुटा निष्कर्ष न मांडता आपल्या साऱ्या संशोधनाची हकीकत सांगू लागतो, तेव्हा त्याच्या लेखनास दुसरीही एक कसोटी लागू होते. ही कसोटी कथनाची होय. आधी काय सांगितले व मागाहून काय. कोणत्या घटनेस कारण म्हटले व कोणत्या घटनेस योगायोग. कोणते रूपक पत्करले आणि त्या रूपकाने काय दाखविले व काय झाकले, हे प्रश्न भाषेचे आहेत. त्यांचा विचार करणे हे भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचे नाही.

व्हिन्सेंट डू व्हीन्यो (१९०१–१९७८) या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाचा ‘अ ट्रेल ऑफ रिसर्च इन सल्फर केमिस्ट्री अँड मेटाबॉलिझम अँड रिलेटेड फील्ड्स’ हा छोटेखानी ग्रंथ अशा चिकित्सेस विशेष योग्य आहे. १९५० साली कॉर्नेल विद्यापीठात दिलेल्या मेसेंजर व्याख्यानांवर तो आधारलेला असून १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो प्रसिद्ध केला. सजीवांच्या शरीरातील गंधकयुक्त संयुगांचा जो अभ्यास डू व्हीन्यो यांनी सुमारे पाव शतक केला, त्याचे हे निवेदन आहे. पुढे १९५५ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १२ डिसेंबर १९५५ रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातही त्यांनी ‘ट्रेल’ हा शब्द कायम ठेवला. मात्र आता त्या वाटेची दोन्ही टोके नावानिशी सांगितली. इन्शुलिनपासून ऑक्सिटोसिनपर्यंत, असा तो प्रवास ठरला.

एकाच संशोधनाची ही दोन कथने आहेत, आणि त्यांच्यामध्ये १९५३ हे वर्ष आहे. त्या वर्षी डू व्हीन्यो व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची रचना निश्चित केली आणि त्याचे संश्लेषणही साधले. म्हणजे पहिले कथन सांगितले गेले तेव्हा कथेचा शेवट सांगणाऱ्यास ठाऊक नव्हता. दुसरे सांगितले गेले तेव्हा तो साऱ्या जगास ठाऊक होता. संशोधनाचा वृत्तान्त शेवट कळण्यापूर्वी लिहिणे आणि कळल्यानंतर लिहिणे यांत कोणता फरक पडतो, हे पाहण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

२

प्रथम शीर्षकातील रूपकाचा विचार करणे युक्त होईल. ‘ट्रेल’ या इंग्रजी शब्दास मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही. जनावर निघून गेल्यावर जमिनीवर राहतो तो ‘माग’. माणसांच्या जाण्यायेण्याने रानात पडते ती ‘पायवाट’. इंग्रजीत या दोन्ही कल्पना एका शब्दात नांदतात, आणि डू व्हीन्यो यांच्या कथनातील पुष्कळशी संदिग्धता या सहवासातून निर्माण झालेली आहे. माग काढणाऱ्यापुढे सावज असते. ते दिसत नसले तरी ते आहे, आणि खुणा त्याच्याकडेच नेतात. पायवाटेचे तसे नाही. चालणाऱ्याच्या पावलांपूर्वी ती नसतेच. पहिल्या कल्पनेत संशोधन म्हणजे शोध होय. दुसरीत ते घडण होय. मराठीत ‘मागोवा’ असा तिसराही शब्द आहे आणि तो दोन्ही दिशांनी चालतो. सावजाचा मागोवा पुढे जाऊन घ्यावयाचा असतो, गतकाळाचा मागोवा मागे वळून. वस्तुतः डू व्हीन्यो यांचा ग्रंथ हा या तिसऱ्या अर्थाने मागोवा आहे. परंतु तो पहिल्या अर्थाने वाचला जावा अशी त्याची मांडणी आहे.

संशोधनाची वाट वळणावळणाची असते, पुढचे वळण आधी दिसत नाही, हे वाचकाच्या मनावर ठसविणे हा ग्रंथाचा प्रकट हेतू आहे आणि तो स्तुत्य आहे. तथापि वाट कितीही वाकडी असली तरी ती एकच आहे असे ‘ट्रेल’ या एकवचनाने गृहीत धरले जाते. डू व्हीन्यो यांच्या बाबतीत हे एकत्व कशामुळे येते? ग्रंथाचे उत्तर उघड आहे : गंधकामुळे. इन्शुलिन, सिस्टीन, ग्लुटाथायोन, मेथिओनिन, बायोटिन, पेनिसिलिन आणि पश्च पोष ग्रंथीची संप्रेरके या साऱ्यांच्या रेणूंत गंधक आहे, आणि संशोधक त्या मूलद्रव्यामागोमाग एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे गेला. हे उत्तर कितपत टिकते, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

३

डू व्हीन्यो यांचा जन्म शिकागो येथे झाला. इलिनॉय विद्यापीठात १९२३ व १९२४ साली त्यांनी पहिल्या दोन पदव्या संपादन केल्या. १९२१–२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागल्यामुळे त्या काळी या संप्रेरकाविषयी मोठे कुतूहल होते. रॉचेस्टर विद्यापीठात जॉन मर्लिन यांच्या हाताखाली १९२७ साली पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच इन्शुलिनमधील गंधक हा होता. त्यानंतर ते बाल्टिमोर येथे जॉन जेकब एबल यांच्याकडे गेले. इन्शुलिनचे स्फटिक १९२६ साली एबल यांनीच प्रथम मिळविले होते, आणि इन्शुलिनची क्रियाशीलता त्यातील सहज सुटणाऱ्या गंधकाशी निगडित असावी असा त्यांचा कयास होता. १९२८ साली डू व्हीन्यो, येन्सेन व विंटरस्टाइनर यांनी स्फटिकरूप इन्शुलिनपासून सिस्टीन हे अमिनो आम्ल वेगळे केले. इन्शुलिनचा गंधक कोठून येतो याचा उलगडा झाला, आणि त्याबरोबरच इन्शुलिन हे प्रथिन असावे या मतास पुष्टी मिळाली.

येथे नामकरणाचा एक प्रश्न उपस्थित होतो. १८१० साली वुलस्टन यांनी मूत्राशयातील खड्यातून हा पदार्थ प्रथम मिळविला. म्हणून मूत्राशयवाचक ग्रीक शब्दावरून त्यास नाव पडले. पुढे असे आढळले की सिस्टीन हा जोडपदार्थ आहे. सिस्टेईन या अमिनो आम्लाचे दोन रेणू आपापल्या गंधकाच्या अणूंनी परस्परांस जोडले गेले म्हणजे सिस्टीन तयार होते, आणि तो बंध तोडला म्हणजे पुन्हा दोन सिस्टेईन मिळतात. डू व्हीन्यो यांच्या साऱ्या कारकीर्दीचा आधार असलेला हा भेद इंग्रजीत एका ‘ई’ या अक्षरावर उभा आहे, आणि बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत तर दोन्ही शब्द कित्येकदा ‘सिस्टीन’ असेच लिहिलेले आढळतात. जोडलेला गंधक आणि सुटा गंधक हा फरक जेथे लिपीतच पुसला जातो, तेथे विद्यार्थ्यास पुढील विवेचन दुर्बोध वाटल्यास नवल नाही. परिभाषेची शुद्धता हा केवळ पंडितांचा हट्ट नसतो, याचे हे लहानसे उदाहरण होय.

बाल्टिमोरनंतर ड्रेस्डेन येथे माक्स बर्गमान, एडिंबरो येथे जॉर्ज बार्जर व लंडन येथे चार्ल्स हॅरिंग्टन यांच्या प्रयोगशाळांत डू व्हीन्यो यांनी काही काळ काम केले. यांपैकी बार्जर यांनी कॉइन यांच्यासह १९२८ साली मेथिओनिनची रचना निश्चित केली होती, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. इलिनॉय विद्यापीठात परतल्यावर १९३० साली डू व्हीन्यो, ऑड्रीथ व लॉरिंग यांनी दाखविले की द्रवरूप अमोनियात विरघळविलेल्या सोडियम धातूने सिस्टीनमधील गंधकबंध स्वच्छपणे तोडता येतो. १९३५ साली सिफर्ड यांच्यासह त्यांनी याच क्रियेचा दुसरा उपयोग दाखविला. गंधकावर बेन्झिल गटाचे झाकण घालून ठेवले, तर काम संपल्यावर ते याच उपायाने काढून घेता येते. त्या वेळी हे शोध म्हणजे रासायनिक हातोटीची साधी भर होती. त्यांचे खरे मोल कळण्यास १९५३ साल उजाडावे लागले.

४

ग्रंथाचा सर्वांत सरस भाग मधला आहे, आणि त्याचा नायक एक अपयशी प्रयोग आहे.

१९३२ साली बट्झ व डू व्हीन्यो यांनी मेथिओनिनवर सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करून एक नवा पदार्थ मिळविला. सिस्टीनपेक्षा त्याची प्रत्येक अर्धी साखळी कार्बनच्या एका दुव्याने लांब होती. म्हणून त्यास होमोसिस्टीन हे नाव देण्यात आले. मेथिओनिन हे शरीरास स्वतः बनविता येत नाही, ते आहारातूनच मिळावे लागते. परंतु मेथिओनिन वगळलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांस होमोसिस्टीन दिले असता ते वाढत. यावरून शरीर होमोसिस्टीनपासून मेथिओनिन बनविते असे अनुमान निघाले. पुढे आहार अधिक शुद्ध करण्यात आला. ब-जीवनसत्त्वांच्या कच्च्या अर्काऐवजी शुद्ध जीवनसत्त्वे देण्यात येऊ लागली. आणि तेच होमोसिस्टीन निरुपयोगी ठरले. उंदीर वाढेनासे झाले.

अशा प्रसंगी पूर्वीचा प्रयोग चुकीचा ठरवून मोकळे होण्याचा मोह स्वाभाविक असतो. डू व्हीन्यो यांनी दोन्ही प्रयोग खरे मानले आणि त्यांतील विसंगतीलाच प्रश्नाचे रूप दिले. कच्च्या अर्कात असे काय होते की जे शुद्ध आहारात नाही? १९३९ साली उत्तर मिळाले : कोलीन. कोलीनच्या रेणूत नायट्रोजनला जोडलेले तीन मेथिल गट असतात. होमोसिस्टीनबरोबर कोलीन दिले की उंदीर पुन्हा वाढू लागत. म्हणजे कोलीन आपला मेथिल गट देऊन होमोसिस्टीनपासून मेथिओनिन तयार होण्यास मदत करीत होते. उलट दिशेची देवघेवही १९४० साली सिद्ध झाली. मेथिओनिनच्या मेथिल गटात जड हायड्रोजनची खूण घालून ते उंदरांस देण्यात आले, आणि ती खूण त्यांच्या शरीरातील कोलीन व क्रिएटीन यांत सापडली. या कामात मिल्ड्रेड कोन यांचा वाटा मोठा होता. मेथिल गट अखंडपणे एका संयुगातून दुसऱ्यात जातो या क्रियेस ‘ट्रान्समेथिलेशन’ असे नाव मिळाले.

गंधकाच्या स्थलांतराचा प्रश्नही याच पद्धतीने सुटला. शरीर मेथिओनिनपासून सिस्टीन बनविते हे ठाऊक होते. परंतु मेथिओनिनची साखळीच आखडून सिस्टीन होते, की केवळ गंधक काढून दुसऱ्या साखळीस दिला जातो? १९४४ साली गंधकाचे व कार्बनचे जड समस्थानिक एकाच मेथिओनिन रेणूत घालून तो उंदरांस देण्यात आला. सिस्टीनमध्ये जड गंधक आढळला, जड कार्बन आढळला नाही. गंधक एका साखळीतून निघून दुसऱ्या साखळीत गेला होता, आणि ही दुसरी साखळी सेरीन या अमिनो आम्लाची होती. मधल्या पायरीवर दोन्ही साखळ्या एकाच गंधकाच्या अणूस चिकटलेल्या असतात. त्या पदार्थाचे नाव सिस्टाथायोनिन.

या भागाचे मोल केवळ शोधांमुळे नाही. ट्रान्समेथिलेशन सिद्ध झाल्यावर डू व्हीन्यो यांनी एक व्यापक विधान केले होते : असे देवघेवीस योग्य मेथिल गट शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. परंतु काही उंदीर कोलीनवाचूनही होमोसिस्टीनवर थोडेफार वाढत असल्याचे दिसून आले. हे मेथिल गट आतड्यातील जंतू पुरवीत असावेत अशी शंका घेण्यास जागा होती. अखेर जन्मापासून जंतूरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्याही ऊतींत मेथिल गट नव्याने तयार होत होते. ‘करू शकत नाही’ या विधानाच्या जागी ‘करू शकते, परंतु पुरेसे नाही’ हे विधान आले. १९५२ चा ग्रंथ वाचणाऱ्यास ही दुरुस्ती ताजी असताना वाचावयास मिळते. मूळ विधान, त्याविषयीची शंका आणि त्याची मर्यादा या तिन्ही अवस्था येथे एकापाठोपाठ उभ्या आहेत. येथे ‘ट्रेल’ हे रूपक पूर्णपणे सार्थ होते. कारण वाट जेथे चुकली, ते ठिकाणही नकाशावर दाखविलेले आहे.

५

१९५५ च्या व्याख्यानात हा मधला प्रदेश संक्षेपाने ओलांडलेला आहे. हे अपरिहार्यच होते. पारितोषिकाच्या कारणनिर्देशाची रचनाच तशी होती. जीवरसायनशास्त्रीय महत्त्वाच्या गंधकयुक्त संयुगांवरील कार्यासाठी, आणि विशेषेकरून पॉलिपेप्टाइड संप्रेरकाच्या पहिल्या संश्लेषणासाठी, अशा दोन पायऱ्यांचा तो निर्देश आहे. त्यातील ‘विशेषेकरून’ या एका पदाने पंचवीस वर्षांच्या कामाची उतरंड ठरवून टाकली. जे आधी घडले ते तयारी ठरले, आणि जे शेवटी घडले ते साध्य.

हे साध्य थोर होते यात शंका नाही. ऑक्सिटोसिन हे पश्च पोष ग्रंथीतून स्रवते, गर्भाशयाचे आकुंचन घडविते आणि मातेच्या स्तनातून दूध बाहेर येण्यास कारण होते. शीघ्र प्रसूती असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दांपासून त्याचे नाव बनले आहे. १९३८ पासून न्यूयॉर्क येथील कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे प्रमुख असलेल्या डू व्हीन्यो यांच्या प्रयोगशाळेने हे संप्रेरक शुद्ध केले, त्यातील अमिनो आम्ले मोजली आणि त्यांचा अनुक्रम लावला. व्हिएन्ना येथील हान्स टुप्पी यांनीही १९५३ सालीच तो अनुक्रम स्वतंत्रपणे काढला होता. त्यानंतर शार्लट रेस्लर, जॉन स्वॉन, पनायोटिस कात्सोयानिस प्रभृती सहकाऱ्यांसह डू व्हीन्यो यांनी तो रेणू तुकड्या-तुकड्यांनी जुळविला. गंधकाच्या अणूंवर बेन्झिल गटाची झाकणे होती. ती काढण्यासाठी द्रवरूप अमोनियातील सोडियमचाच उपयोग करण्यात आला, आणि मग हवेतील प्राणवायूने दोन्ही गंधक जोडले जाऊन वीस अणूंचे वलय मिटले. १९३० साली सिस्टीनवर केलेला साधा प्रयोग तेवीस वर्षांनी येथे अखेरची कळ ठरला.

या रेणूच्या वर्णनात भाषाभ्यासकास परिचित असा एक प्रश्न दडलेला आहे. १९५३ च्या निवेदनात ऑक्सिटोसिनला आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड म्हटले आहे. आजच्या पुस्तकांत तीच संख्या नऊ आहे. रेणू बदललेला नाही. सिस्टीन हा जोडपदार्थ एक धरावा की दोन, एवढाच वाद आहे. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही अक्षरे वर्णमालेत एकेक म्हणून शिकविली जातात, परंतु ती जोडाक्षरे आहेत हे व्याकरणकार जाणतो. त्यातलाच हा प्रकार होय. ज्याची दृष्टी बंधावर आहे तो आठ मोजतो, ज्याची दृष्टी साखळीवर आहे तो नऊ मोजतो. डू व्हीन्यो गंधकाच्या वाटेने आलेले असल्यामुळे त्यांची गणना आठ व्हावी, हे स्वाभाविक होते.

ऑक्सिटोसिनचे भावंड म्हणजे व्हॅसोप्रेसिन. हे मूत्राचे प्रमाण कमी करते आणि रक्तदाब वाढविते. त्याच्या नऊ स्थानांपैकी केवळ दोन स्थानी वेगळी अमिनो आम्ले आहेत. हे पाहून भाषाशास्त्रातील लघुतम भेदाच्या शब्दयुग्मांची आठवण होते. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत एकाच ध्वनीचा फरक असून अर्थ सर्वस्वी वेगळा होतो. अमिनो आम्लांना अक्षरे आणि प्रथिनांना शब्द म्हणण्याची प्रथा पुढे सर्वत्र पडली. परंतु या उपमेची मर्यादा याच जोडीत दिसते. ‘काल’ या शब्दात ‘गाल’चा थोडासुद्धा अर्थ नसतो, ऑक्सिटोसिनमध्ये मात्र व्हॅसोप्रेसिनची क्रिया अल्प प्रमाणात असते, आणि व्हॅसोप्रेसिनमध्ये ऑक्सिटोसिनची. भाषेतील भेद संकेताने ठरतो. रेणूतील भेद आकाराने व आकर्षणाने ठरतो, आणि आकार थोडासा जुळला तरी क्रिया थोडीशी होतेच. रेणूंना भाषा म्हणणे सोयीचे आहे, पण ती उपमाच आहे, हे विसरता येत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गंधकाने ही वाट एक केली काय?

एबल यांचा कयास होता तो इन्शुलिनच्या क्रियेत गंधकाचा साक्षात हात असावा असा. १९३१ साली डू व्हीन्यो व सहकारी यांनी दाखविले की सिस्टेईन किंवा ग्लुटाथायोन यांनी गंधकबंध तोडल्यास इन्शुलिन निष्क्रिय होते. या प्रयोगाने कयासास बळ मिळाले. परंतु बंध तुटल्याने क्रिया थांबते, एवढ्यावरून तो बंध क्रिया करतो असे सिद्ध होत नाही. खुंटी काढली तर तंबू कोसळतो. म्हणून निवारा खुंटी देते असे कोणी म्हणत नाही. १९६४ साली प्राग येथील रुडिंगर व योस्त यांनी ऑक्सिटोसिनचे असे एक रूप तयार केले की ज्यात गंधकाच्या एका अणूची जागा कार्बनच्या दुव्याने घेतली होती. दोन गंधकांचा बंध उरलाच नव्हता, आणि तरीही ते रूप क्रियाशील होते. या नव्या सांध्याची ठेवण सिस्टाथायोनिनमधील सांध्यासारखी आहे, हा योगायोग डू व्हीन्यो यांच्या वाचकास सहज जाणवेल. पुढे दोन्ही गंधक काढूनही क्रिया सर्वस्वी नाहीशी होत नाही असे आढळले. तात्पर्य, संप्रेरकातील गंधक ही रेणूला आकारात ठेवणारी कडी होय. संप्रेरकाची शक्ती तिच्यात नाही.

चयापचयाच्या क्षेत्रात मात्र चित्र उलट आहे. १९५२–५३ मध्ये कँटोनी यांनी मेथिओनिनचे क्रियाशील रूप शोधून काढले. त्यात गंधकास तीन कार्बन जोडलेले असतात व त्यावर धन विद्युत्‌भार असतो. त्यामुळेच तो आपला मेथिल गट सहज सोडून देतो. डू व्हीन्यो यांनी उंदरांच्या शरीरात पाहिलेल्या देवघेवीचे रहस्य खरोखर गंधकाच्या स्वभावात होते. ‘गंधक’ हा एकच शब्द ग्रंथात दोन वेगळ्या भूमिकांसाठी आलेला आहे : एकीकडे कर्ता म्हणून, दुसरीकडे सांधा म्हणून. शीर्षकातील एकवचनी वाटेस जे ऐक्य लाभले आहे, ते बऱ्याच अंशी या अनेकार्थतेने दिलेले आहे. बायोटिनच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. १९४० साली ग्यॉर्गी यांच्यासह डू व्हीन्यो यांनी जीवनसत्त्व ‘एच’ म्हणजेच बायोटिन हे दाखविले, १९४२ मध्ये त्याची रचना निश्चित केली, आणि त्यात गंधक निघाला. १९४६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने अत्यल्प प्रमाणात कृत्रिम पेनिसिलिन-जी मिळविले. त्यातही गंधक आहे. परंतु पेनिसिलिनकडे जाण्याचे निमित्त युद्धाने पुरविले होते.

मग या कारकीर्दीत सलग असे काही नव्हते काय? होते, पण ते गंधक नव्हते. सलग होते ते हत्यार, आणि सलग होती ती वृत्ती. द्रवरूप अमोनियातील सोडियमची रीत १९३० पासून १९५३ पर्यंत पदार्थामागून पदार्थास लावली गेली. ती प्रत्येक वेळी नव्या कामास आली. आणि दोन प्रयोगांत विरोध दिसताच त्यांपैकी एक रद्द न करता विरोधाचेच उत्तर शोधण्याची वृत्ती होमोसिस्टीनच्या प्रकरणात उघड दिसते. एका प्रयोगशाळेतून दुसरीत जाताना संशोधक मूलद्रव्य बरोबर नेत नाही. तो हात आणि शंका घेऊन जातो. ग्रंथाच्या शीर्षकाने मात्र मान मूलद्रव्यास दिला.

७

दोन्ही कथनांत ‘आम्ही’ या सर्वनामाचे स्थान मोठे आहे. इंग्रजीतील ‘वुई’ कधी प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह वक्ता असतो, तर कधी श्रोत्यांसह. मराठीत या दोन अर्थांस ‘आम्ही’ व ‘आपण’ ही वेगळी रूपे आहेत. डू व्हीन्यो यांच्या लेखनाचा मराठी अनुवाद करणाऱ्यास प्रत्येक वाक्याशी थांबून ठरवावे लागेल : हा ‘वुई’ काम करणाऱ्यांचा, की वाट पाहणाऱ्यांचा? हा भेद क्षुल्लक नाही. प्रयोग ‘आम्ही’ केला. शंका ‘आपण’ घेतो. ग्रंथात जेथे जेथे वाचक खरोखर गुंततो, तेथे तेथे सर्वनामाचा अर्थ दुसऱ्या बाजूस कललेला असतो, आणि असे प्रसंग बहुतेक अपयशी प्रयोगांच्या आसपास आलेले आहेत. यशाच्या वर्णनात वाचक प्रेक्षक होतो.

ग्रंथाने जे दाखविले, त्याच्या उलट प्रथा शास्त्रीय निबंधलेखनात आहे. १९६३ साली पीटर मेडावर यांनी एका नभोवाणी भाषणात शास्त्रीय निबंध ही एक फसवणूक आहे काय, असा प्रश्न विचारला होता. त्यांचा आक्षेप निष्कर्षांवर नव्हता. संशोधन ज्या क्रमाने घडले त्याहून वेगळा क्रम निबंधाने भासवावा, यावर होता. डू व्हीन्यो यांचा ग्रंथ या आक्षेपापूर्वीच त्याचे अर्धे उत्तर देऊन गेला आहे. अर्धे म्हणण्याचे कारण इतकेच की वळणे त्याने प्रामाणिकपणे दाखविली, परंतु ती सारी एकाच धाग्याने ओवली.

या ग्रंथाचे पुढील आयुष्यही याच निष्कर्षास पुष्टी देते. १९५५ च्या व्याख्यानात ज्या मधल्या कामास थोडकी जागा मिळाली, त्याच कामाकडे वैद्यकशास्त्र नंतर वळले. १९६२ साली होमोसिस्टिन्यूरिया हा जन्मजात विकार ओळखला गेला. सिस्टाथायोनिन तयार करणाऱ्या विकराचा अभाव हे त्याचे कारण असल्याचे १९६४ मध्ये दिसून आले. १९६९ साली किल्मर मॅककली यांनी होमोसिस्टेईनचा संबंध रोहिणीविकाराशी जोडला, आणि त्या मताची चर्चा पुढे अनेक दशके चालली. १९३२ मध्ये सल्फ्यूरिक आम्लाच्या साहाय्याने भांड्यात तयार झालेला पदार्थ रोगनिदानाच्या चाचण्यांत येऊन बसला. शेवट कळला असे समजून ज्याने मधला भाग गाळला असता, त्याच्या हाती हा दुवा राहिला नसता. १९५२ च्या वाचकाच्या हाती तो राहिला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहिताना आपल्या कामास एकसूत्री रूप देण्याची सवय लावली जाते, आणि परीक्षणाच्या सोयीसाठी ती काही अंशी आवश्यकही आहे. फसलेले प्रयोग, सोडून दिलेल्या वर्गवाऱ्या आणि मागाहून बदललेली विधाने ही प्रबंधातून सर्वांत आधी गळतात. भाषाशास्त्राचे प्रबंध याला अपवाद नाहीत. क्षेत्रकार्यातील जी उदाहरणे नियमात बसत नाहीत, ती परिशिष्टातही क्वचितच दिसतात. कच्च्या अर्कावर वाढलेले उंदीर आणि शुद्ध आहारावर खुंटलेले उंदीर या दोघांची नोंद जर प्रयोगशाळेच्या वहीत शेजारी-शेजारी राहिली नसती, तर कोलीनचा प्रश्न त्या रूपाने उभाच राहिला नसता. डू व्हीन्यो यांचा ग्रंथ आज वाचावयाचा तो त्यातील रसायनासाठी नव्हे. ते पुष्कळसे पाठ्यपुस्तकांत मुरले आहे. तो वाचावयाचा तो या नोंदीसाठी, आणि त्यांना जोडणारा धागा लेखकाने सांगितला तोच होता काय, हे प्रत्येक पानावर विचारीत.